बचत गट काढायचाय? पहिल्या बैठकीपासून बँकेच्या कर्जापर्यंत

मराठवाड्यात बचत गट हे नाव ऐकलं नाही अशी बाई आता मिळायची नाही. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या महिला मंडळांनी पुनर्वसनाच्या कामात हात घातला, आणि त्यातली बरीच मंडळं पुढे बचतीकडे वळली. नंतर माविमचे, म्हणजे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट आले, २०११ नंतर उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे. आता एखाद्या तांड्यावरसुद्धा दोन-तीन गटांचे शिक्के सापडतील. दर महिन्याला खरोखर बसणारे गट मात्र त्यातले थोडेच.

पैसा कमी पडला म्हणून बुडालेला गट क्वचितच दिसतो. बहुतेक गट बुडतात ते पैशाचा व्यवहार बैठकीच्या बाहेर गेल्यामुळे. कुणी घरी येऊन बचत देऊन जातं, कुणी बाजारच्या दिवशी रस्त्यात हप्ता देतं, कुणाला रात्री नड आली म्हणून अध्यक्षबाई पेटीतून दोन हजार काढून देतात. हेतू चांगलाच असतो. पण सहा महिन्यांनी कुणाचं किती हे दोघींनाही आठवत नाही, आणि बोलणं बंद होतं. पुढे जे सांगितलंय, ते बरंचसं हे टाळण्यासाठीच आहे.

आधी फरक समजून घ्या

गावात ‘गट’ म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात आणि नवीन बायकांची तिथंच गल्लत होते.

पहिली भिशी. दहा जणी महिन्याला पाचशे भरतात, चिठ्ठी निघेल तिला पाच हजार मिळतात. दहा महिन्यांत चक्र संपतं आणि हातात काही उरत नाही. भांडी, फ्रिज, दिवाळी यासाठी भिशी ठीक आहे. बोली लावून उचलायची भिशी मात्र टाळा. त्यात सगळ्यात नडलेल्या बाईला सगळ्यात कमी पैसे मिळतात.

दुसरा फायनान्सवाल्यांचा गट. इथं बचत नसते, फक्त कर्ज असतं. पाच-दहा जणींना एकत्र बसवून प्रत्येकीच्या नावावर वेगळं कर्ज देतात आणि एकमेकींना जामीन करतात. आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, पाऊस पडो न पडो. ही कर्जं बेकायदा नाहीत, पण त्यांना नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावायचा नाही. हे दारात उभ्या माणसाला ऐकवता आलं पाहिजे.

तिसरा आपला बचत गट. बचत आपली, तिच्यातून कर्ज आपल्यालाच, आणि व्याजही फिरून आपल्याच पेटीत. बँक आणि सरकार नंतर येतात, नाही आले तरी गट चालतो. नुसतं अनुदान मिळतंय म्हणून गट काढणार असाल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

बायका कोण आणि किती

दहा ते वीस. दिव्यांगांच्या गटाला पाचही चालतात. विसाच्या वर नेऊ नका, कारण मग बैठक हाताबाहेर जाते. बारा-तेरा हा सोयीचा आकडा. दोघी गैरहजर राहिल्या तरी बैठक होते आणि सगळ्यांचा हिशोब तासाभरात उरकतो.

एकाच गल्लीतल्या, वस्तीवरच्या किंवा तांड्यावरच्या बायका घ्या. गावठाणातल्या पाच आणि दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या सात असा गट पहिल्या पावसाळ्यातच फुटतो. पाय चिखलात रुतवत कोण येणार? ऐपतही साधारण सारखी हवी. पंधरा एकरवाली आणि रोजंदारीवाली एकत्र बसल्या की बचतीची रक्कम पहिलीच्या सोयीनं ठरते आणि कर्जही तिलाच आधी मिळतं. एका घरातली एकच बाई घ्या. सासू आणि सून एका गटात असल्या की सून तोंड उघडत नाही, आणि घरचं भांडण बैठकीत येतं ते वेगळंच. व्याजानं पैसे लावणारी बाई गोड बोलून यायला बघेल, तिला घेऊ नका. एका बाईनं दोन गटांत राहायचं नाही, कारण बँकेत आणि उमेदच्या नोंदीत ते पुढे अडकतं.

नाव ठेवताना आधी गावातल्या बाकी गटांची नावं विचारा. जिजामाता, सावित्रीबाई, रमाई, अहिल्यादेवी यातली निम्मी नावं प्रत्येक गावात आधीच घेतलेली असतात, आणि एकाच शाखेत एकाच नावाचे दोन गट असले की एकाचा निधी दुसऱ्याच्या खात्यावर जातो. नावापुढे वस्तीचं नाव जोडलं की प्रश्न मिटतो.

पहिल्या दोन बैठकांत ठरवायच्या गोष्टी

पहिल्या बैठकीत पैसे गोळा करू नका. फक्त बोला आणि नियम ठरवा. दुसऱ्या बैठकीत तेच नियम मोठ्यानं वाचून दाखवा, इतिवृत्ताच्या, म्हणजे बैठकीत काय ठरलं ते लिहायच्या वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. पुढचं भांडण याच पानावर मिटणार असतं, तेव्हा पान मोकळं सोडू नका.

१. बचत किती आणि कधी. सगळ्यात गरीब बाईला उन्हाळ्यातही झेपेल तेवढीच ठरवा. महिन्याला शंभर रुपये बहुतेक ठिकाणी चालतात. उमेदच्या पद्धतीत आठवड्याची बैठक असते, तिथं वीस-पंचवीस ठेवा. एकीनं शंभर, दुसरीनं दोनशे असं करू नका. शेवटच्या वाटणीत फार डोकेदुखी होते.

२. बैठकीचा दिवस, वेळ आणि जागा. ‘महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी’ असं नको. ‘दर महिन्याच्या ५ तारखेला संध्याकाळी सात, समाजमंदिर’ असं हवं. बाजाराचा दिवस आणि एकादशी बघून घ्या. अध्यक्षबाईच्या घरात बैठक घेऊ नका. हळूहळू गट त्यांचाच होऊन बसतो.

३. दंड. न सांगता गैरहजर १० रुपये, अर्ध्या तासाच्या वर उशीर ५ रुपये, बचत चुकली तर १० रुपये. दंड लहानच ठेवा, पण माफ करू नका. एकदा माफ केला की दुसरीचाही करावा लागतो.

४. कर्जावरचं व्याज, जास्तीत जास्त रक्कम आणि परतफेडीची मुदत.

५. पदाधिकारी. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. मुदत दोन वर्षं, आणि हे ‘नंतर बदलू’ म्हणून सोडायचं नाही. तिघी एका भावकीतल्या नकोत. बँकेत तिघींपैकी कुठल्याही दोघींच्या सहीनं पैसे निघतील असं ठेवा.

बैठक आणि वह्या

वह्या चार लागतात. इतिवृत्त, जमा-खर्चाची रोजकीर्द, प्रत्येकीचं पान असलेली खातेवही, आणि प्रत्येकीच्या हातात राहणारं पासबुक. पासबुकाला फालतू समजू नका. खातेवही गटाच्या पेटीत असते, पण लिहिता-वाचता न येणारी बाई आपलं पासबुक दहावीतल्या पोरीला दाखवून खातरी करून घेऊ शकते. ती आकडा तपासू शकते एवढं माहीत असलं की लिहिणारीही जपून लिहिते.

बैठकीत गोलात बसा. पेटी आणि वह्या मध्ये. पेटी कोषाध्यक्षाकडे असेल तर किल्ली दुसऱ्या बाईकडे. पेटी उघडल्यावर सगळ्यात आधी मागची शिल्लक मोजायची आणि रोजकिर्दीत मागच्या वेळी लिहिलेल्या आकड्याशी जुळवायची. इथंच न जुळलं तर पुढं जाऊ नका.

मग एकेकीचं नाव घेऊन बचत, कर्जाचा हप्ता आणि व्याज घ्यायचं. रक्कम मोठ्यानं सांगायची, त्याच वेळी पासबुकात लिहायची. सगळं जमा झाल्यावर नवीन कर्जाची मागणी घ्यायची. त्या आधी नाही, कारण पेटीत किती आहेत हे कळल्याशिवाय कुणाला ‘हो’ म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

बारा जणींच्या, महिन्याला शंभर रुपये बचत असलेल्या गटाच्या एका बैठकीची रोजकीर्द अशी दिसते:

मागील शिल्लक ३४० रुपये.
बचत ११ जणींची १,१०० रुपये (एक गैरहजर).
कर्जाची मुद्दल परत, तिघींची ५०० प्रमाणे १,५०० रुपये.
व्याज: ४,००० शिल्लक कर्जावर ८०, ३,००० वर ६०, २,५०० वर ५०, एकूण १९० रुपये.
दंड १० रुपये (दोघींचा उशीर).
एकूण जमा ३,१४० रुपये.
खर्च: नवीन कर्ज २,५००, वह्या-पेन ६०, एकूण २,५६० रुपये.
हातची शिल्लक ५८० रुपये.

आता हे ५८० कुणीतरी नोटा मोजून सगळ्यांसमोर दाखवले पाहिजेत. आकडा बरोबर आला, मोजायची काय गरज, असं म्हणणारी बाई प्रत्येक गटात असते. तिलाच मोजायला लावा. पाचशे-सातशेपेक्षा जास्त रक्कम घरात ठेवू नका, उरलेली दुसऱ्या दिवशी बँकेत. आणि गैरहजर बाईची बचत अध्यक्षबाईनं पदरची घालून खातं पूर्ण दाखवायचं नाही. वहीत ‘येणे १००’ असंच लिहा. पुढच्या वेळी ती २०० आणि दंड भरेल.

लिहायचं कोणी, हा अवघड प्रश्न आहे. गटात आठवी-नववी झालेली बाई असेल तर तीच लिहील. नसेल तर गावातली एखादी शिकलेली मुलगी बैठकीमागे थोडं मानधन देऊन ठेवा, किंवा उमेदच्या सीआरपीताईकडून, म्हणजे गावातल्या कार्यकर्तीकडून, पहिले सहा महिने शिकून घ्या. अध्यक्षबाईच्या नवऱ्यानं घरी बसून वही ‘नीट’ लिहून आणायची ही प्रथा मात्र पहिल्याच महिन्यात मोडा. वही बैठकीत लिहायची आणि बैठकीतच मिटायची. बँकेच्या पैसे काढायच्या कोऱ्या पावत्यांवर आधीच सह्या करून ठेवणं हाही तसलाच धोक्याचा प्रकार.

व्याज: शेकडा दोन, पण कशावर

गावात सावकार शेकडा तीन, पाच, अडल्यावेळी दहा रुपयेही घेतो. गट साधारण शेकडा दोन रुपये महिना लावतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हे जास्त वाटलं तरी व्याज गटातच राहतं, वर्षाअखेरीस त्यात तुमचाही वाटा असतो. वर्षभरानंतर पेटी भरली की दीड रुपयावर आणा.

खरी गोम आहे ती व्याज कशावर धरायचं यात. पाच हजारांचं कर्ज, दहा महिने, महिन्याला पाचशे मुद्दल असं समजा. व्याज दर महिन्याला राहिलेल्या रकमेवर धरलं तर पहिल्या महिन्यात १००, मग ९०, ८० असं उतरत शेवटी १०, एकूण ५५० रुपये. तेच दर महिन्याला मूळ पाच हजारांवर धरलं तर १०० प्रमाणे १,००० रुपये. दर दोन्हीकडे दोनच रुपये, पण बाईच्या खिशातून ४५० रुपये जास्त जातात. राहिलेल्या रकमेवरच धरा, आणि नियमावलीत तसे शब्द लिहा. कुठलंही बाहेरचं कर्ज घेतानाही हाच प्रश्न आधी विचारा.

कर्ज आधी कुणाला? जूनची अडचण

आजारपण आणि बाळंतपण सगळ्यात पुढे, त्यावर चर्चाच नको. त्यासाठी पेटीत हजारभर रुपये वेगळे लिहून ठेवणारे गट शहाणे. मग शाळेची फी, खत-बियाणं, शेळी, गहाण सोनं सोडवणं. लग्नासाठी गटाचं कर्ज देऊ नका असं कुणी सांगेल, पण गावात ते टाळता येत नाही. वरची मर्यादा ठेवा एवढंच.

मराठवाड्यातल्या गटांची खरी परीक्षा जूनमध्ये असते. मृगाचा पाऊस पडला की एकाच आठवड्यात बाराच्या बारा जणींना खत-बियाणं लागतं. पेटीत असतात सहा-सात हजार, आणि डीएपी खताची एक पिशवी साडेतेराशेची. दोघी-तिघींना मिळतं, बाकीच्या रुसतात. पुष्कळ गट याच आठवड्यात मोडतात.

त्याची तयारी फेब्रुवारीपासून करावी लागते. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा नोव्हेंबर ते जानेवारी, तुरीचा त्यानंतर. म्हणून परतफेडीचे मोठे हप्ते याच महिन्यांत बसवा. जूनमध्ये ज्यांचा मोठा हप्ता आहे असं कर्ज देणं म्हणजे ते बुडवणंच. फेब्रुवारीनंतर सहा महिन्यांच्या वरचं कर्ज देऊ नका. मेच्या बैठकीत प्रत्येकीची गरज लिहून घ्या. दहा हजार जमले असतील आणि मागणी पंचवीस हजारांची असेल, तर तेव्हाच ठरवा की प्रत्येकीला आठशे मिळतील की चिठ्ठी टाकायची. पाऊस पडल्यावर हे ठरत नाही, फक्त आवाज चढतात.

मागणी कमी करायचाही एक मार्ग आहे. सोयाबीनचं घरचं बियाणं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि चार-पाच दिवसांनी उगवलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर ते बियाणं एकरी तीस किलो पेरायला चालतं. बैठकीत बाराही जणींनी आपली गोणपाटं आणून मोजली की कुणाला विकत घ्यायलाच हवं ते कळतं, आणि उरलेलं बियाणं गटातच उसनं दिलं जातं. मळणीत जोरात आपटलेलं किंवा थप्प्या लावून ठेवलेलं सोयाबीन उगवत नाही. त्याची चाचणी मेमध्येच होऊ द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा गट

बीडमध्ये आणि लगतच्या जिल्ह्यांत हा प्रश्न टाळून गट चालत नाही. दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, निघतो तो मार्च-एप्रिलला परत येतो. सहा महिने निम्मा गट गायब. बऱ्याच ठिकाणी याचा उपाय म्हणून ‘जाणाऱ्या बायका घेऊच नका’ असं सांगितलं जातं. पण कर्जाची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच असते, म्हणून ते आम्हाला पटत नाही.

जमणाऱ्या गोष्टी अशा. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) मिळते तेव्हा तिच्यातूनच सहा महिन्यांची बचत एकदम भरून घ्या आणि सहाही महिन्यांच्या रकान्यात वेगवेगळी लिहा. जाणाऱ्या बाईचं कर्ज निघण्याआधी निम्मं तरी फेडून घ्या, बाकीचं परतल्यावर. मुकादमाचा हिशोब फिटून हातात पैसे येतील असं धरून चालू नका. पुष्कळदा उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. पदाधिकाऱ्यांपैकी दोघी तरी गावात राहणाऱ्या हव्यात, नाहीतर सहा महिने बँकेतून पैसेच निघत नाहीत. ज्या गटातल्या सगळ्याच जातात त्यांनी गावातल्या सहा महिन्यांत आठवड्याला बसावं आणि उरलेल्या सहा महिन्यांचा खंड नियमावलीत लिहून ठेवावा, म्हणजे बँकेच्या तपासणीत तो ‘बंद गट’ ठरत नाही.

आणि निघण्याआधी आजारपणासाठी थोडं कर्ज मिळू शकतं हे माहीत असलं की मुकादमाकडून जादा उचल घेण्याची गरज कमी पडते. गटाचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे, आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही.

बँकेत खातं

दोन-तीन बैठका झाल्या की खातं काढा. ठराव, नियमावली, सदस्यांची यादी, गटाचा शिक्का, आणि तिघी पदाधिकाऱ्यांचे आधारकार्ड व फोटो. बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांचे कागद मागायची गरज नाही, पदाधिकाऱ्यांचे पुरतात असं रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे, म्हणजे ओळख पटवण्याचे, नियम सांगतात. सगळ्यांचे कागद कर्जाच्या वेळी घेता येतात. शाखेत वेगळं सांगितलं तर नियम विचारा, भांडू नका. उमेदची बँक सखी (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी बाई) किंवा तालुक्याच्या पंचायत समितीतला उमेदचा कक्ष हे काम सोपं करून देतो.

जवळची शाखा निवडा, म्हणजे ग्रामीण बँकेची किंवा राष्ट्रीयीकृत. जायला-यायला दीडशे रुपये आणि एक रोज बुडत असेल तर गट बँकेत जायचंच बंद करतो.

फिरता निधी आणि पहिलं कर्ज

उमेदमध्ये नोंद झालेल्या गटानं पंचसूत्री पाळली, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे, की तो तीन महिन्यांनंतर फिरत्या निधीसाठी, म्हणजे गटाच्या पेटीत येणाऱ्या सरकारी रकमेसाठी, पात्र ठरतो. राज्यानं २०२३ मध्ये हा निधी १५ हजारांवरून ३० हजार केला. तो वाटून घ्यायचा नसतो. तो गटाच्या पेटीची मुद्दल आहे, त्यातून कर्जच द्यायचं. वाटून घेतलेला निधी तपासणीत सापडतो, आणि समुदाय गुंतवणूक निधी, म्हणजे उमेदकडून मिळणारी पुढची रक्कम, अडतो.

सहा महिने नीट चाललेला गट बँकेकडे कर्ज मागू शकतो. हे सहा महिने खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही, तर वहीतल्या व्यवहारांपासून मोजायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात तसं लिहिलंय, आणि वही पहिल्या दिवसापासून लिहायचं हे आणखी एक कारण. पहिलं कर्ज गटाच्या एकूण जमेच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यात जे जास्त ते. दहा लाखांपर्यंत तारण नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवायचा नाही. एखाद्या सदस्याचं किंवा तिच्या नवऱ्याचं जुनं कर्ज थकलंय एवढ्याच कारणावर गटाचं कर्ज साधारणपणे अडवायचं नसतं. महिला गटांना उमेदच्या अभियानाखाली ३ लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळतं, म्हणजे महिन्याला शेकडा ५८ पैसे. गट सदस्यांना शेकडा एक रुपयानं देऊ शकतो, मधले ४२ पैसे पेटीत राहतात.

आता धोका. आजवर आठ हजारांचा व्यवहार केलेल्या गटाच्या हातात एकदम दीड लाख येतात, आणि जवळजवळ प्रत्येक गट ते समान वाटतो: बारा जणींना साडेबारा हजार. जिला गरज नाही तिच्याही नावावर चढतात, ते ती दुसरीला देते, आणि हप्ता थकला की ‘पैसे मी घेतलेच नाहीत’ सुरू होतं. त्याआधी प्रत्येकीचा सूक्ष्म गुंतवणूक आराखडा लिहा: काय करणार, किती लागतील, हप्ता कशातून येणार. मग दीड लाखाची वाटणी अशीही होऊ शकते: दोघींना उस्मानाबादी शेळ्यांसाठी प्रत्येकी ३० हजार, एकीला किराणा दुकानासाठी २५ हजार, एकीला शिलाई मशीनला १५ हजार, पाच जणींना खत-बियाण्याला दहा-दहा हजार. तिघींनी काहीच घेतलं नाही. तरी सह्या बाराही जणींच्या लागतात, म्हणून त्या तिघींचा होकार इतिवृत्तात लिहून घ्या.

कर्ज घेणाऱ्या प्रत्येकीचा विमा त्याच दिवशी उतरवा. प्रधानमंत्री जीवनज्योती (आयुर्विमा) योजनेला वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा (अपघात) विम्याला २० रुपये, दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण. पहिल्यात ५० वर्षांपर्यंत नाव नोंदवता येतं, दुसऱ्यात ७० पर्यंत.

एकत्र धंदा करायचा का?

आमचं मत: धंदा एकीचा, खरेदी सगळ्यांची. बारा जणींनी मिळून पापड-मसाले काढायचे ठरले की पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्यात चौघीच येतात आणि नफा बारा जणींना हवा असतो. याउलट दिवाळीला तेल-साखर-डाळ तालुक्याच्या मोंढ्यातून ठोकानं आणणं, खताची एकत्र मागणी करणं यात कुणाचं कुणाशी वाजत नाही. पैसे आधी, माल नंतर, आणि उधार नाही, एवढं पाळा. लग्नाची मोठी पातेली, घागरी आणि सतरंज्या घेऊन भाड्यानं देणाऱ्या गटांचं बरं चालतं, कारण काम थोडं आणि वस्तू वर्षानुवर्षं टिकते. भाडं मात्र वस्तू परत मोजून घेतल्यावरच जमा धरा. एक पातेलं हरवलं की वर्षाचं भाडं जातं.

बाई बाहेर पडली तर

लग्न, स्थलांतर, भांडण, मृत्यू, कारण काहीही असो, हिशोब एकच. तिची एकूण बचत, अधिक गटाच्या निव्वळ व्याज-दंडातला तिचा वाटा, वजा तिचं शिल्लक कर्ज. तीन वर्षं शंभर प्रमाणे ३,६०० बचत, खर्च वजा जाता गटाकडे ९,६०० रुपये व्याज-दंड जमलेलं असेल तर बाराव्या हिश्श्याचे ८०० रुपये, आणि १,५०० कर्ज बाकी: तिला २,९०० द्यायचे. फिरता निधी या हिशोबात धरायचा नाही. बँकेचं गटकर्ज चालू असेल तर तिच्या नावचं कर्ज आधी पूर्ण वसूल करा. पैसे दिल्याची पावती घ्या, पासबुक परत घेऊन फाडू नका तर खातेवहीत डकवून ठेवा. मृत्यू झाला असेल तर वारसाच्या सहीनं, दोन सदस्यांसमोर. आणि नवीन बाई घेतली तर तिला मागची सगळी बचत एकदम भरायला लावू नका. तिचं खातं शून्यापासून सुरू करा आणि वर्षाअखेरच्या व्याजात तिला तिच्या महिन्यांपुरताच वाटा द्या.